'गूगलवर पहिला नंबर देतो' असा फोन तुम्हालाही आलाय? पैसे देण्याआधी हे वाचा

"सर, तुमचं दुकान गूगलवर दिसत नाहीये. तीन महिन्यांत पहिल्या नंबरला आणून देतो. शंभर टक्के गॅरंटी."

दुकान, दवाखाना, क्लास, पार्लर, मेस, गॅरेज, यातलं काहीही चालवत असाल तर हा फोन तुम्हाला कधी ना कधी आलाच असेल. समोरचा गोड बोलतो आणि थोडी भीतीही घालतो. शेजारचा दुकानदार कसा पुढे गेला ते सांगतो. काही जण तर थेट "गूगलमधून बोलतोय" असंच ठोकून देतात. मग महिन्याचं पॅकेज, सहा महिन्यांचे आगाऊ पैसे, आणि दर महिन्याला मोबाइलवर येणारा एक रंगीत रिपोर्ट, ज्यातलं कुणालाच काही कळत नाही.

पैसे जातात, गिऱ्हाईक काही वाढत नाही. आणि दुकानदार म्हणतो, "हे इंटरनेटचं आपल्याला काही जमत नाही."

पण खरं सांगायचं तर यातला निम्म्याहून जास्त भाग जमण्यासारखा आहे आणि तोही फुकट. राहिलेला भाग मात्र कुणाच्याच हातात नाही, त्या फोनवरच्या माणसाच्या तर अजिबात नाही. कुठला भाग कोणता, हे कळलं की पैसे वाचतात. म्हणून हा विषय जरा नीट बघू.

एसईओ म्हणजे नक्की काय?

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. सोप्या भाषेत सांगायचं तर आपली वेबसाइट गूगलला नीट वाचता यावी आणि योग्य माणसाला योग्य वेळी दिसावी, यासाठी केलेली मांडामांड.

यासाठी आधी गूगल काय करतं ते बघू. गूगलचे प्रोग्रॅम सतत वेबसाइट वाचत फिरतात आणि वाचलेल्या पानांची एक भलीमोठी सूची तयार करतात. आपण काही शोधलं की त्या सूचीतून उत्तरं काढून क्रमाने लावली जातात. १९९८ साली कंपनी सुरू झाली तेव्हा तिची मोठी कल्पना अशी होती की, ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. गावात नाही का, चार माणसं ज्या डॉक्टरचं नाव सांगतात त्याच्याकडेच आपण जातो. तसंच.

मग लोकांनी पळवाटा शोधल्या. कुणी एकच शब्द पानावर शंभर वेळा लिहिला, कुणी पैसे देऊन लिंका विकत घेतल्या. गूगलने २०११ मध्ये 'पांडा' आणि २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचे बदल आणून असल्या पानांना खाली ढकललं. २०१५ मध्ये मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या साइट मोबाइलच्या शोधात मागे टाकायला सुरुवात झाली. थोडक्यात, काल चाललेली युक्ती आज चालेलच असं नाही. तुम्हाला विकलं जाणारं पॅकेज बऱ्याचदा कालच्याच युक्तीचं असतं.

नकाशातल्या तीन जागा

आता आपल्या गल्लीतल्या धंद्याकडे येऊ. इथला खेळ जरा वेगळा आहे.

समजा, आकुर्डीत एकांचं फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षांचा धंदा, हात चोख. कुणाचा तरी फ्रिज भर उन्हाळ्यात बंद पडतो. तो माणूस मोबाइलवर टाकतो, 'फ्रिज रिपेअर नियर मी'. समोर काय येतं? आधी बहुतेक वेळा जाहिराती. त्याखाली एक छोटा नकाशा आणि तीन दुकानं. मग बाकीच्या वेबसाइट.

त्या तीन जागांसाठीच सगळी मारामारी आहे. २०१५ च्या ऑगस्टपर्यंत तिथे सात दुकानं दिसायची. गूगलने ती तीनवर आणली. फ्रिजमधलं दूध नासत असताना कोण खाली सरकवत बसतो? वरच्या तिघांपैकी एकाला फोन लागतो आणि विषय संपतो.

मग ही तीन दुकानं ठरतात कशी? गूगलने स्वतःच तीन निकष जाहीर केलेले आहेत. पहिला, शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो. दुसरा, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात. तिसरा, तुमची ओळख किती आहे, म्हणजे रिव्ह्यू किती आणि कसे, इतर साइटवर तुमचा उल्लेख आहे का, वगैरे. आणि गूगलने हेही स्पष्ट लिहिलं आहे की या स्थानिक क्रमवारीत वरची जागा पैसे देऊन किंवा विनंती करून मिळत नाही.

दुसरा निकष परत वाचा. अंतर. म्हणजे आकुर्डी स्टेशनजवळ उभ्या असलेल्या माणसाला जी तीन दुकानं दिसतील, तीच चिंचवडमध्ये बसलेल्याला दिसतीलच असं नाही. 'पहिला नंबर' अशी एकच एक जागा मुळात नाहीच. ती माणसागणिक आणि चौकागणिक बदलते. मग त्याची गॅरंटी कोण आणि कशी देणार? पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच आपल्या मार्गदर्शनात सांगतं.

मग विकतात तरी काय?

सगळेच एसईओवाले फसवे असतात असं नाही. नीट काम करणारे, साइटचा वेग सुधारणारे, चुका दुरुस्त करून देणारे लोक आहेत आणि त्यांच्या कामाला किंमत आहे. पण गॅरंटीवाले साधारण चार गोष्टी विकतात.

एक, जाहिरात. तुमच्या पैशातून गूगलवर जाहिरात लावतात. पान उघडलं की तुमचं नाव सगळ्यात वर, पण त्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. पैसे संपले की नाव गायब. जाहिरात करण्यात चूक काही नाही, पण ती एसईओ म्हणून विकणं ही चूक आहे.

दोन, कुणीच न शोधणारा शब्द. 'आकुर्डी सेक्टर अमुक बेस्ट फ्रिज सर्व्हिस तमुक' असं लांबलचक काहीतरी टाकून दाखवतात, आणि तुम्ही पहिले. अर्थात, त्या शर्यतीत दुसरं कुणी नसतंच.

तीन, नावात केलेली भर. दुकानाचं नाव 'श्री सर्व्हिस सेंटर' असेल तर गूगलवर 'श्री सर्व्हिस सेंटर बेस्ट फ्रिज एसी रिपेअर आकुर्डी निगडी' असं करून टाकतात. गूगलचा नियम असा आहे की पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचं. तक्रार झाली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. म्हणजे वीस वर्षांचं दुकान एका सकाळी नकाशावरून नाहीसं. एजन्सीवाला तेव्हा फोन उचलेलच असं नाही.

चार, खोटे रिव्ह्यू. 'पन्नास फाइव्ह स्टार इतक्या रुपयांत' असा सरळ भाव असतो. गूगलच्याच आकड्यांनुसार २०२३ या एका वर्षात कंपनीने नियमबाह्य असे १७ कोटींहून जास्त रिव्ह्यू अडवले किंवा काढून टाकले, आणि व्यवसायांची १ कोटी २० लाख खोटी प्रोफाइल हटवली किंवा रोखली. विकत घेतलेले स्टार किती दिवस टिकतील, हे यावरून समजा.

यात अजून एक गोष्ट आहे आणि ती सगळ्यात महागात पडते. बरेच एजन्सीवाले दुकानाचं प्रोफाइल आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर उघडतात. काम थांबवायचं ठरवलं की कळतं, आपल्याच दुकानाच्या पाटीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. इतक्या वर्षांचे रिव्ह्यू, फोटो, सगळं त्याच्या ताब्यात.

यात गिऱ्हाईकाचं काय जातं?

तुम्ही म्हणाल, आमचं दुकान नाही, आम्हाला काय त्याचं? पण गूगलवरची माहिती चुकीची असली की गिऱ्हाईकाचंही नुकसान होतं, कधीकधी तर दुकानदारापेक्षा जास्त.

२०१८ साली महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे बँक ऑफ इंडियाच्या तक्रारी गेल्या होत्या. गूगल मॅप्सवर कुणीही माहितीत बदल सुचवू शकतं, या सोयीचा फायदा घेऊन भामट्यांनी शाखांचे फोन नंबर बदलून स्वतःचे टाकले होते. लोक बँकेला फोन लावतोय असं समजून त्यांनाच कार्डाचे तपशील सांगत होते.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने देशभरातल्या भाविकांना आणि पर्यटकांना इशारा दिला. खोट्या वेबसाइट, फेसबुक पानं आणि सर्च इंजिनवरच्या जाहिराती वापरून यात्रेचं, हॉटेलचं, भक्तनिवासाचं बुकिंग केल्याचं भासवून पैसे उकळले जात होते. खोली बुक झाली म्हणून माणूस तिथे पोचतो आणि कळतं की नावच नाही.

मार्च २०२५ मध्ये गूगलनेच अमेरिकेत खटला दाखल केला. टेक्सासमधल्या एका कुलूपवाल्याने 'माझ्या नावाने दुसराच कुणीतरी धंदा करतोय' अशी तक्रार केली होती. तिथून तपास सुरू झाला आणि मॅप्सवर दहा हजारांच्या आसपास खोटी दुकानं सापडली. दार अडकलंय, घाई आहे, अशा माणसाचा फोन भलत्याकडेच जायचा आणि वर जास्त पैसे घेतले जायचे.

आपल्या फ्रिजवाल्याचं दुखणंही हेच आहे. त्याचं स्वतःचं नाव नकाशावर नीट नसेल तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरं कुणीतरी येऊन बसतं.

भाड्याच्या जागेतला धंदा

आता थोडं मागे जाऊ. १९९६ साली मुंबईत 'जस्टडायल' सुरू झालं. फोन लावायचा, काय हवं ते विचारायचं, पलीकडची व्यक्ती दुकानांचे नंबर सांगायची. त्याआधी यलो पेजेसची जाडजूड पुस्तकं होती. म्हणजे दुकानाचा पत्ता सांगणारा मध्यस्थ पहिल्यापासूनच होता. फरक इतकाच की आता तो जवळजवळ एकटा आहे. स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीनुसार भारतातल्या इंटरनेट शोधांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक गूगलवर होतात.

मध्यस्थ एकच असला की काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. २०१७ पासून गूगल छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट बनवून देत होतं. माहिती भरा, बटण दाबा, साइट तयार. अनेकांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला, दुकानाच्या बोर्डावर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गूगलने या सगळ्या साइट बंद केल्या. १० जूनपर्यंत तो पत्ता टाकला की माणूस गूगलवरच्या प्रोफाइलकडे वळवला जात होता. त्यानंतर 'पान सापडलं नाही'. त्याच वर्षी जुलैअखेर प्रोफाइलवरून गिऱ्हाईकाशी चॅट करण्याची सोयही गेली.

कंपनीने यात बेकायदेशीर काही केलं असं नाही. फुकट दिलं होतं, काढून घेतलं. पण जागा भाड्याची आहे, आणि तीही करार न करता घेतलेली, हे यातून कळलं.

त्यात आता नवीन गोष्ट आली आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधात वरच्या बाजूला एआयने तयार केलेलं उत्तर दिसायला लागलं. माणसाला तिथेच उत्तर मिळालं तर तो खाली वेबसाइटवर कशाला जाईल? 'फ्रिजमधून पाणी का गळतं' अशी माहिती देऊन गिऱ्हाईक मिळवणाऱ्या साइटना याचा फटका जास्त. 'आकुर्डीत फ्रिज कोण दुरुस्त करेल' या प्रश्नाला मात्र अजूनही खरं दुकान, खरा पत्ता आणि खरा फोन नंबर लागतोच. छोट्या दुकानदाराची ताकद इथेच आहे. एआय लेख लिहील, कॉम्प्रेसर बदलायला माणूसच यावा लागतो.

पाटी मराठी, पण कुठली?

महाराष्ट्रात दुकानांच्या मराठी पाट्यांवरून किती वर्षं राजकारण चाललं ते आपण पाहिलंय. मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

पण आज गिऱ्हाईक दुकानाची पहिली पाटी मोबाइलवर बघतं. तिथे काय आहे? बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजी. सेवांची यादी इंग्रजी, वर्णन इंग्रजी, तेही दुसऱ्या शहरातल्या कुठल्यातरी साइटवरून उचललेलं.

इथे भाषेचा अभिमान हा एक मुद्दा झाला, दुसरा मुद्दा सरळ धंद्याचा आहे. लोक बोलून शोधतात. 'जवळ घरगुती मेस कुठे आहे', 'पैठणी पिको फॉल', 'पुरणपोळीची ऑर्डर'. हे शब्द तुमच्या पानावर कुठेच नसतील तर पहिल्याच निकषात, म्हणजे जुळण्यात, तुम्ही कमी पडता. इंग्रजीत अमुक सेवेसाठी हजारो पानं भांडतायत. मराठीत गर्दी खूपच कमी आहे. जो दुकानदार आपल्या गिऱ्हाईकाच्या तोंडचे शब्द आपल्या पानावर लिहील, त्याला इथे वाव आहे.

मग करायचं काय?

हे काम एका रविवारी बसून होण्यासारखं आहे. घरातल्या कॉलेजच्या पोराला सोबत घ्या.

पहिलं, किल्ली स्वतःकडे घ्या. गूगल बिझनेस प्रोफाइल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आहे का ते बघा. एजन्सीला काम द्यायचं तर त्यांना 'मॅनेजर' करा, 'मालक' तुम्हीच राहा. डोमेनही तुमच्याच नावावर हवं. प्रोफाइल उघडायला एक रुपयाही लागत नाही.

दुसरं, नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकसारखा ठेवा. गूगलवर एक नंबर, फेसबुकवर दुसरा, जस्टडायलवर पाच वर्षांपूर्वीचा तिसरा, असं असेल तर गिऱ्हाईकही गोंधळतं आणि गूगलही.

तिसरं, प्रकार अचूक निवडा. नुसतं 'दुकान' नको. तुम्ही नेमकं काय करता तो प्रकार शोधा. वेळा खऱ्या टाका, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांसकट. बंद दुकानापर्यंत येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक एक स्टार देऊनच जातं.

चौथं, फोटो स्वतःचे टाका. समोरची पाटी, आतलं काम, दुकानाकडे येणारा रस्ता. इंटरनेटवरून घेतलेल्या गोऱ्या मेकॅनिकच्या फोटोवर कुणाचा विश्वास बसत नाही.

पाचवं, रिव्ह्यू मागा, पण विकत घेऊ नका. काम झाल्यावर "दादा, दोन ओळी लिहाल का?" एवढं पुरतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका, शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर त्या एकासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

सहावं, स्वतःची छोटीशी वेबसाइट ठेवा. चार पानं पुरतात. काय करतो, कुठल्या भागात येतो, साधारण दर काय, संपर्क कसा करायचा. मोबाइलवर पटकन उघडली पाहिजे, कारण गूगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच मुख्य धरतं. फोन नंबर चित्रात नको, दाबल्यावर कॉल लागेल असा लिहा. साइट कशी चाललीय हे बघायला गूगलचंच 'सर्च कन्सोल' फुकट आहे. एजन्सीचा रंगीत रिपोर्ट खरा की खोटा, तेही तिथे कळतं.

सातवं, महिन्यातून एकदा स्वतःचं दुकान स्वतःच शोधा. नंबर कुणी बदललाय का, 'कायमचे बंद' असं कुणी नोंदवलंय का, ते बघा. फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

आणि सरकारचं काय?

नियम अगदीच नाहीत असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक आलं, पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री हा थेट दंडाचा विषय झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालांत स्वतःच्या सेवांना झुकतं माप दिल्याबद्दल गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला होता. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदाही समोर आला.

पण ही सगळी चर्चा मोठ्या कंपन्यांच्या आपसातल्या भांडणाभोवती फिरते. आकुर्डीच्या फ्रिजवाल्याचं प्रोफाइल चुकून निलंबित झालं तर त्याने दाद मागायची ती गूगलच्याच ऑनलाइन फॉर्मवर. महापालिकेने पाटी काढली तर निदान वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडता येतं. इथे समोर बसलेला माणूसच नाही. छोट्या व्यावसायिकाला ठरावीक मुदतीत, माणसाकडून उत्तर मिळण्याचा हक्क असावा, ही साधी मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरायला हवी. मराठी पाट्यांच्या विरोधात कोर्टापर्यंत जाता येतं, तर यासाठीही जाता येईल.

तोपर्यंत एक लक्षात ठेवा. गूगल रस्ता दाखवतं, गिऱ्हाईक टिकवत नाही. एकदा आलेल्या माणसाचा नंबर त्याला विचारून वहीत लिहून घ्या, काम नीट करा, पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगची आठवण करा. ती वही तुमची असते. ती कुणी मार्च महिन्यात बंद करू शकत नाही.

आणि पुढच्या वेळी पहिल्या नंबरची गॅरंटी देणारा फोन आला की एकच प्रश्न विचारा. "कुणाच्या मोबाइलवर पहिला, आणि कुठल्या चौकात उभं राहून?"